दहा की दहावर

"सही कर," भास्करआबा मोगल म्हणाले आणि कागद टेबलावरून पुढे सरकवला.

पुंजाबा गांगुर्डे उभे होते. पाणीवापर सोसायटीच्या कचेरीत सहा खुर्च्या होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या होत्या. पण त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

"काय लिव्हलंय?"

"वाचता येत नाही का तुला?"

"येतं. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

आबा सोसायटीचे चेअरमन. त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि एकेक शब्द दाताखाली दाबल्यासारखा वाचला. "मी, पुंजाबा सखाराम गांगुर्डे, पाटकरी, काल सकाळी तीन नंबरचे गेट कोणासही न विचारता हाताने चाक फिरवून जास्त उघडले. त्यामुळे कालवा फुटून झालेल्या नुकसानीस मी जबाबदार आहे. झालं समाधान?"

"मी चाकाला हात लावला नाही."

"मग गेट काय भुतानं उघडलं?"

"ते या सायबांना इचारा. गेट आता त्यांचं हाये."

साहेब म्हणजे आमचे उन्मेष सर. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची सात माणसांची कंपनी होती आणि त्या सातांतली सर्वांत नवी मी, शर्वरी. वय तेवीस, एम.एस्सी. फिजिक्स, नोकरीला आठ महिने. सोसायटीच्या कालव्यावर पाच गेटं होती. ती पूर्वी पुंजाबा सायकलवर फिरून चाकानं उघडत आणि बंद करत. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती आणि किती वेळ जायचं हे पाहणारा माणूस म्हणजे पाटकरी. पुंजाबा एकतीस वर्षं पाटकरी होते. आम्ही प्रत्येक गेटावर मोटर, बॅटरी, रेडिओ आणि ते चालवणारी एक छोटी पेटी बसवली. आता कचेरीतल्या स्क्रीनवरून गेट उघडायचं. पुंजाबांनी फक्त गेटाजवळ राहून लक्ष ठेवायचं आणि चाकाला हात लावायचा नाही, असा सोसायटीचा लेखी आदेश होता.

आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला तीन नंबरच्या गेटाखाली कालव्याचा काठ फुटला होता. शेजारच्या वीटभट्टीच्या कच्च्या विटांचा चिखल झाला, मजुरांच्या तीन झोपड्यांत कमरेएवढं पाणी शिरलं. एका म्हातारीला खाटेसकट उचलून बाहेर काढावं लागलं होतं.

सर शांतपणे बोलले. त्यांच्या शांतपणाचीच मला जास्त चीड यायची. "आबा, आमच्या यंत्रात प्रत्येक आदेशाची नोंद होते. काल शर्वरी स्वतः स्क्रीनवर होती. गेट तीस सेंटिमीटरवर होतं. नऊ वाजता तिने दहा वाढवले, दहा वाजता आणखी दहा. तीस आणि वीस, पन्नास. गेट सापडलं सत्तरवर. वरचे वीस आमच्याकडून गेलेले नाहीत."

"ऐकलंस?" आबा पुंजाबांना म्हणाले. "खालच्या अंगाला तुझ्या भावकीची शेतं आहेत, हे मला माहीत नाही का? त्यांना पाणी पाहिजे होतं, तू चाक फिरवलंस. सही केलीस तर नुसता कामावरून जाशील. नाही केलीस तर मी पोलिसात जाईन."

"मी फोन केला होता," पुंजाबा म्हणाले.

"कुणाला?"

"हितं. हापिसात. पावणेदहाला. गेट पन्नासवर हाये म्हणून सांगितलं."

"कुणी घेतला फोन?"

पुंजाबा थोडं थांबले. "नाव इचारलं नाही."

"सकाळी इथं दहा माणसं असतात. कुणाला आठवतंय?" आबांनी दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे आणि कारकुनाकडे पाहिलं. दोघांनी माना हलवल्या. मी लॅपटॉपकडे बघत होते.

"चार वाजेपर्यंत विचार कर," आबा म्हणाले. "चारला मी उठणार."

माझ्या डोक्यात तेव्हा एकच शब्द होता, यूडीपी. तो इतका मोठा झाला होता की त्याच्यामागे दुसरं काही दिसत नव्हतं.

कचेरीतल्या संगणकाने दूरच्या पेटीला नाव घेऊन काम सांगायचं आणि उत्तराची वाट पाहायची, अशी आमची रचना होती. प्रश्न होता तो निरोप कोणत्या वाटेने न्यायचा. टीसीपी नावाची रीत आधी दोन यंत्रांची जोडणी करून घेते, प्रत्येक तुकड्याची पोच मागते, हरवला तर स्वतःच पुन्हा धाडते. यूडीपी निरोप सोडून मोकळी होते. पोच हवी असेल, तर ज्याने पाठवला त्याने उत्तराची वाट पाहावी आणि नाही आलं तर पुन्हा पाठवावा. मी टीसीपीसाठी भांडले होते. चार पानांचं टिपण लिहिलं होतं, आलेखांसह. सरांनी त्यावर लाल पेनने एकच शब्द लिहून परत दिलं, ‘पुस्तकी’.

"एवढ्या हळू रेडिओवर तुझी ती जोडणी करण्यातच दिवस जाईल," ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. "पाच गेटं आणि एक रेडिओ. यूडीपी. उत्तर नाही आलं तर पाच सेकंदांनी पुन्हा पाठव. विषय संपला."

तीन महिने मी तो शब्द पोटात घेऊन फिरत होते. त्या सकाळी कचेरीच्या पायऱ्यांवर मी सरांना गाठलं.

"सर, उत्तर वाटेत हरवलं असेल तर आपण तोच आदेश दुसऱ्यांदा पाठवतो. पेटीने दोन्ही ऐकले तर दहाचे वीस होतात. आपल्या नोंदवहीत एकच दिसतो, कारण आपण पुन्हा पाठवलेले नोंदतच नाही."

"उत्तर हरवलं, पण आदेश पोचला. प्रत्येक वेळी नेमकं असंच का होईल?"

"ते मी बघते."

"काही बघू नकोस. आपण पाच गावांना हीच यंत्रणा विकतोय, शर्वरी. कुणीतरी चाक फिरवलं असेल, हे अजूनही शक्य आहे ना?"

"त्यांनी नाही फिरवलं."

"तुला कसं माहीत? तू होतीस तिथे?"

मी जादा रेडिओ आणि लॅपटॉप पिशवीत घातला आणि कालव्याच्या रस्त्याला लागले.

पुंजाबा तीन नंबरच्या गेटावर बसले होते. कालवा वरून बंद केला होता, तळाला नुसता ओला गाळ. पलीकडे भट्टीवरची माणसं चिखलातून पत्रे ओढत होती. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंडं फिरवली.

"आता काय राह्यलं बघायचं?" पुंजाबा म्हणाले.

"मला गेट चालवून पाहायचंय. तुम्ही मोजाल का?"

"माझं मोजणं चालतं का तुम्हाला?"

मी खाली मान घालून बॅटरीला मीटर लावला. गेटाच्या खांबावर पांढऱ्या रंगाने रेघा आखलेल्या होत्या, हाताने काढलेल्या, पण सरळ. आमच्या यंत्रणेत गेटाची उंची मोजायचं काही नव्हतंच. मोटर चाळीस सेकंद चालली की दहा सेंटिमीटर, असा पेटीचा हिशेब. आणि आपण किती सांगितलं त्याची बेरीज, हा स्क्रीनचा.

गेट शून्यावर होतं. मी काठाने शंभर पावलं लांब गेले आणि लॅपटॉपवरून आदेश दिला. दहा उघड. मोटर गुरगुरली. त्याच क्षणी गेटावरच्या रेडिओचा हिरवा दिवा गेला. पंधरा-सोळा सेकंदांनी परत आला. मोटर चाळीस सेकंदांनी थांबली नाही. ऐंशी सेकंद चालली.

"वीस," पुंजाबा ओरडून म्हणाले.

मी धावत आले. मीटर शेवटचा नीचांक धरून ठेवणारा होता. मोटर सुरू होताना बॅटरी बारा व्होल्टवरून आठवर आपटली होती. उन्हाळ्याने बॅटरी खचली होती; मोटरने पहिला घास घेतला की रेडिओची उपासमार व्हायची आणि तो विझायचा. म्हणजे काम सुरू होण्याचा क्षण आणि उत्तर हरवण्याचा क्षण एकच होता. आदेश पोचणार, उत्तर बुडणार, आम्ही पुन्हा ओरडणार. दर वेळी.

"बघा," मी म्हणाले. माझा आवाज थरथरत होता आणि तो आनंद होता, हे सांगायला मला आजही बरं वाटत नाही. "मी तीन महिने हेच सांगत होते. सरांनी चुकीची रीत निवडली. त्यांच्या हट्टापायी तुमच्यावर हा आळ आला."

"तुमची रीत येगळी होती?"

"हो. ती मी लिहूनही ठेवली आहे. सरांना न सांगता."

"मंग लावून दावा."

यात दाखवायचं काय, असं मला वाटलं. पण मी जुना प्रोग्रॅम काढून टीसीपीचा चढवला. गेट पुन्हा शून्यावर आणलं. शंभर पावलं गेले. दहा उघड.

मोटर गुरगुरली. हिरवा दिवा विझला. मी स्क्रीनकडे पाहत राहिले. माझ्या प्रोग्रॅमने दहा सेकंद उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने जोडणी मेली असं धरलं, ती तोडली, नवी करायला घेतली आणि रेडिओ जागा होताच नव्या जोडणीवरून अतिशय भरवशाने, पोच घेऊन तोच आदेश पुन्हा दिला.

मोटर ऐंशी सेकंद चालली. पुंजाबांनी या वेळी ओरडून सांगितलं नाही. मी जवळ येईपर्यंत ते रेघेवर बोट ठेवून उभे होते.

"वीस," मी म्हणाले.

"तुमची रीत."

"हो."

मी गेटाच्या कट्ट्यावर बसले. टीसीपी घेतलं असतं तरी काठ फुटलाच असता. चार पानं, आलेख, तीन महिन्यांचा राग, सगळं वीस सेंटिमीटरवर येऊन उभं होतं.

"तुम्ही त्याला काय सांगता?" पुंजाबांनी विचारलं. "नेमका शब्द काय?"

"दहा उघड."

"दहा, का दहावर?"

"म्हणजे?"

"म्हंजे आहे तिथून अजून दहा, का दहाच्या रेघेवर?"

"अजून दहा."

ते हसले. त्या हसण्यात गंमत नव्हती. "आमच्यात ‘अजून’ म्हणायचं नसतं. माझ्या बापाच्या वेळी फोन होता का? एका गेटावरनं दुसऱ्या गेटावर हाळी द्यायची. वारं असतं, पाण्याचा आवाज असतो. ऐकू गेलं का नाही कळत नाही, म्हणून तीनदा हाळी द्यायची. ‘अजून एक वीत’ असं तीनदा म्हणलं, आन् पलीकडच्यानं तिन्ही ऐकलं, तर? तीन विती. पाट फुटला. म्हणून ‘चार वितींवर’ म्हणायचं. एकदा ऐकलं काय, तीनदा ऐकलं काय, गेट चार वितींवरच. पहिल्या दिवशी पोराला हेच शिकवायचं. ‘अजून’ म्हणला तर बाप कानाखाली द्यायचा."

पेटीला स्वतःचा हिशेब ठेवता येत होता. मोटर किती वेळ चालली, ते तिला ठाऊक होतं. ‘चाळीसवर ने’ असं सांगितलं असतं, तर निरोप दहादा पोचला असता तरी ती चाळीसवर थांबली असती. यूडीपीने आणि टीसीपीनेही. एवढाच फरक होता. आणि गेट उघडण्याचं ते काम, त्याचं नाव, त्यातला तो ‘अजून’, हे सरांनी लिहिलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात ते मी लिहिलं होतं. वाट कोणती यावर आम्ही तीन महिने भांडलो; निरोप काय आहे, हे कुणी पाहिलंच नाही.

"चार वाजत आले," पुंजाबा म्हणाले आणि उठले.

कचेरीत सर आधीच येऊन बसले होते. मी बॅटरीचे आकडे टेबलावर ठेवले आणि दोन वाक्यांत सांगितलं की वरचे वीस आमच्याच यंत्रणेने दिले, पाटकऱ्याने नाही.

आबांचा चेहरा तापला. "उन्मेषराव, सकाळी तर छातीठोक बोलत होतात."

सरांनी आकडे पाहिले. ते हुशार होते; त्यांना सगळं कळायला अर्धं मिनिट लागलं. मग ते माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच मऊ आवाजात बोलले. "शर्वरीने आधीच सुचवलं होतं, आबा. निरोप नेण्याची एक जास्त भरवशाची रीत आहे, टीसीपी. मी ती खर्चिक म्हणून टाळली. आठ दिवसांत सगळीकडे तीच बसवतो. शर्वरीच्या हाताखाली. तांत्रिक बाब आहे, संपली."

तीन महिने मी ज्या वाक्याची वाट पाहत होते, ते हेच. सरांनी ते चौघांसमोर म्हटलं होतं.

"टीसीपीनेही वीसच झालं, सर," मी म्हणाले. "आत्ता करून पाहिलं. चूक रीतीत नाही. आदेशात आहे. तो मी लिहिलाय."

"तू गप्प बस," सर म्हणाले. मऊपणा संपला होता.

"बोलू द्या तिला," आबा म्हणाले. पण ते अजून पुंजाबांकडेच रागाने पाहत होते. "यंत्र चुकलं, मान्य. पण हा तिथं उभा होता ना? डोळे फुटले होते का? म्हणे फोन केला. कुणाला केला? हवेला? एक माणूस सांगत नाही की मी घेतला म्हणून. याने वेळेत कळवलं असतं तर काठ वाचला असता. मी याला ठेवणार नाही. चूक त्यांची, निष्काळजीपणा याचा."

पुंजाबा भिंतीकडे पाहत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, हे मला सकाळपासून दिसत होतं.

"फोन मी घेतला होता," मी म्हणाले.

आबांना कळलं नाही. "कोणता?"

"कालचा. पावणेदहाचा. ते म्हणाले, गेट पन्नासवर आहे. मी म्हणाले, स्क्रीनवर चाळीस आहे, तुमच्या रेघा जुन्या आहेत. ते म्हणाले, चाकानं खाली घेऊ का? मी म्हणाले, हात लावू नका, लेखी आदेश आहे. आणि दहा वाजता मी आणखी दहा दिले. ते वीस झाले."

सर खुर्ची मागे ढकलून उठले. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले आणि बाहेर गेले. त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद उचलला, त्याचे चार तुकडे केले आणि ते टेबलावरच ठेवून पुंजाबांना म्हणाले, "उद्या काठाच्या कामाला माणसं लागतील. तू बघ." माफी वगैरे काही नाही. पुंजाबांनीही मान हलवली नाही. ते वळले आणि बाहेर पडले.

मी त्यांच्या मागे गेले. ते पायरीवर बसून चपला घालत होते. एका चपलेला गाळ लागला होता, तो ते काडीने खरवडत होते.

"तुम्ही माझा आवाज ओळखला होता ना?"

"व्हय. आठ महिने ऐकतोय."

"मग सकाळी माझं नाव का नाही घेतलंत? मला वाचवायला?"

त्यांनी काडी टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतका राग होता की मी एक पाऊल मागे सरले.

"तुम्हाला कशापायी वाचवीन? म्हातारी पाण्यात होती काल. नाव घेतलं असतं आन् तुम्ही नाही म्हणाल्या असत्या, तर? मंग परत तुमचा शब्द आन् माझा शब्द. त्याचं वजन काल पावणेदहाला एकदा झालं होतं ना. तुम्हीच केलं."

ते पायऱ्या उतरून कालव्याकडे चालू लागले. मी नाही म्हणाले नसते, असं मला मागून ओरडून सांगायचं होतं. पण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत मी गप्प होते, आणि ते त्यांनी उभ्यानं पाहिलं होतं.